जुनी स्पोर्ट्स सेडान : वाजवी भाव कसा काढावा?

आमचा धंदा कापडाचा. मोटारीतले आम्हाला काय कळते, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु जुन्या मालाचा भाव काढणे ही विद्या सर्व धंद्यांत थोडीफार सारखीच असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या भाच्याच्या एका फोनमुळे आम्हाला ती मोटारीवर चालवून पाहावी लागली. आपले अनेक तरुण व्यापारी आणि कारागीर अलीकडे जुन्या गाड्या घेत आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा सारा हिशेब येथे मांडत आहोत.

फोनवर भाचा म्हणाला, "मामू, पुण्याला ऑक्टाव्हिया आरएस आहे. २०१८ ची, अठ्ठावन्न हजार किलोमीटर चाललेली. अकरा लाख सांगतायत. उद्याच जाऊन बयाना देऊन टाकू या." त्याचा आवाज धाप लागल्यासारखा येत होता. व्यापारात असा आवाज ऐकला की आम्ही आधी पाणी पितो आणि मग बोलतो.

स्पोर्ट्स सेडान म्हणजे काय, ते आधी पाहू. बाहेरून ही गाडी चार दारांची, डिकीची, घरातील माणसांना घेऊन लग्नाला जाण्यासारखीच दिसते. आतले इंजिन, ब्रेक, सस्पेंशन आणि टायर मात्र वरच्या दर्जाचे असतात. आपल्या देशात अशा गाड्या थोड्याच आल्या. स्कोडा कंपनीने २००१ साली औरंगाबादजवळ शेंद्रा येथे कारखाना घातला आणि साधी ऑक्टाव्हिया आणली. २००४ मध्ये तिचीच टर्बो इंजिनाची आरएस आली. पुढे २०१७ साली २३० अश्वशक्तीची, दोन लिटर पेट्रोल इंजिनाची आरएस आली, तिची शोरूममधील किंमत २४ लाख ६२ हजारांपासून होती. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीची आली, ३५ लाख ९९ हजारांना, आणि त्या सबंध देशात फक्त दोनशे. २०२३ मध्ये ऑक्टाव्हिया येथे मिळणे बंदच झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये शंभर आरएस परदेशातून तयार आणून ४९ लाख ९९ हजारांना विकल्या, तेवढाच अपवाद.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, भावाचा घोळ इथेच होतो. साधी गाडी वर्षागणिक उतरते आणि तिचा उतार बऱ्यापैकी ठरलेला असतो. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायचे. मोजक्या आलेल्या आणि शौकीन लोक शोधत असलेल्या गाडीला मात्र हा तक्ता लागू पडत नाही. कापडातही तसेच आहे. रोजच्या पॉपलीनचा भाव सर्वांना पाठ असतो. पण बंद पडलेल्या गिरणीचा एखादा ताका कोठे मिळाला, तर त्याचा भाव घेणाऱ्याच्या गरजेवर चढतो. म्हणून अशा गाडीसाठी आम्ही तीन आकडे काढतो : तळाचा, बाजाराचा आणि माथ्याचा.

तळाचा आकडा म्हणजे त्याच वर्षाच्या, तितक्याच चाललेल्या साध्या ऑक्टाव्हियाचा. आरएस काही केल्या त्याच्या खाली जायला नको, कारण तिच्यात निदान साध्या गाडीइतके तरी लोखंड आहेच. त्या आठवड्यात आम्ही जाहिराती पाहिल्या. २०१८ च्या १.८ लिटर पेट्रोलच्या वरच्या मॉडेलला अकरा ते बारा लाख सांगत होते. सांगितलेला भाव म्हणजे झालेला सौदा नव्हे, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. म्हणजे भाच्याला सांगितलेले अकरा लाख हे आरएसचे नव्हतेच, ते साध्या ऑक्टाव्हियाचे होते! हे लक्षात येताच आम्हाला दोन शंका आल्या. एक तर गाडीत मोठा ऐब आहे, किंवा विकणाऱ्याला आपण काय विकतो आहोत हे ठाऊक नाही.

माथ्याचा आकडा नव्या गाडीवरून काढायचा. ज्या पैशात जवळपासच्या जातीची नवी, वॉरंटीची गाडी मिळते, त्याहून जुनीला जास्त देणे हा शौक आहे, सौदा नव्हे. आज जवळची नवी गाडी म्हणजे दीड लिटर टर्बोची फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हिया, दोन्ही १५० अश्वशक्तीच्या. रस्त्यावर येईपर्यंत वरचे मॉडेल जवळपास वीस लाखांच्या घरात जाते. येथे एक ताजा बदल ध्यानात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील जीएसटी आणि सेस मिळून होणारा ४५ ते ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्के झाला आणि लहान गाड्यांवरील १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा माथाही खाली येतो. जुन्या गाडीचा मालक मात्र बदलाच्या आधीचा भाव धरून बसतो. अशा वेळी त्याला नव्या गाडीचे आजचे कोटेशन दाखवावे. हुज्जत घालण्यापेक्षा कागद चांगला.

आता बाजाराचा आकडा. इतर आरएसच्या तीन जाहिराती आम्हाला सापडल्या : साडेसतरा, पावणेएकोणीस आणि एकवीस लाख. एकवीसवाली पाच महिने पडून होती. जो भाव पाच महिन्यांत कोणी दिला नाही तो भाव नसून मालकाची इच्छा होय, म्हणून ती आम्ही खोडली. मग या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दोन गॅरेजवाल्यांना विचारले की, तुमच्या हातून शेवटची आरएस प्रत्यक्ष कितीला गेली. एकाने सतरा सांगितले, दुसऱ्याने साडेसतरा. मध्य धरून सव्वासतरा लाख. हा चांगल्या स्थितीतील, काही काम न निघालेल्या गाडीचा भाव. जाहिरातीचा भाव आणि हातोहात झालेला भाव यांत नेहमी अंतर असते, आणि ते अंतर कळण्यासाठी गॅरेजवाल्याइतका खरा माणूस नाही. त्याला गाडीही विकायची नसते आणि घ्यायचीही नसते.

रविवारी फजरनंतर निघून आम्ही पुण्याला कॅम्पात पोहोचलो. गाडीचे मालक तरुण डॉक्टर होते. ते त्याच वर्षी अल्लाहला प्यारे झाले होते. गाडी दाखवायला त्यांचे वडील आले, निवृत्त शाळामास्तर, सत्तरी ओलांडलेले. ते म्हणाले, "मला यातले काही समजत नाही. एका एजंटाने सांगितले, २०१८ ची ऑक्टाव्हिया अकराला जाते. गाडी उभी राहून खराब होतेय, तेवढी नेऊन टाका." म्हणजे आमची दुसरी शंका खरी ठरली. पण पहिली अजून तपासायची होती.

गाडी पाहायला दिवसाच जावे आणि मालकाला आधी इंजिन गरम करू देऊ नये. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ताका कधी पारखू नये, उजेडात आणून उलगडावा, हे आमच्या धंद्यात पोरालाही माहीत असते. रंगाचेही तसेच. सकाळच्या तिरप्या उन्हात गाडीच्या अंगाला समांतर नजर लावली की पुन्हा रंगवलेला पत्रा वेगळा लहरतो. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र मिळते, गॅरेजवाल्याकडून मागून न्यावे. बॉनेट आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे असतील, तर तो भाग कधीतरी उतरवला गेला आहे. सर्व काचांवर बनवल्याची खूण असते. एकच काच नवी असेल तर विचारावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुरात बुडालेल्या गाडीची चिखलाची रेघ कितीही धुतले तरी तेथे राहते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतर आणि २०२३ च्या डिसेंबरातील चेन्नईच्या पुरानंतर अशा धुऊन-पुसून काढलेल्या गाड्यांपासून सावध राहावे.

मीटर मागे फिरवला आहे की काय, याला एक साक्षीदार आहे, तो म्हणजे जुनी कागदपत्रे. सर्व्हिसची बिले तारखेवार लावली की किलोमीटर चढत जातात की मध्येच घसरतात ते दिसते. विम्याच्या पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस' छापलेला असतो. एक वर्ष दावा केला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षे सलग दावा नसेल तर ५०. मालक पहिल्यापासून एकच असेल आणि पॉलिसीवर ५० दिसत असेल, तर मोठ्या अपघाताचा दावा निदान पाच वर्षांत झालेला नाही. डॉक्टरसाहेबांच्या पॉलिसीवर ५० होते. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणून 'पन्नास टक्के बोनसची गाडी आहे' असे सांगून कोणी भाव चढवत असेल तर ऐकू नये.

स्पोर्ट्स सेडानमध्ये एक जादा धोका असतो. तरुण मालक कॉम्प्युटरद्वारे इंजिनाची ताकद वाढवून घेतात, त्याला रीमॅप म्हणतात. मोठा सायलेन्सर, खाली बसवलेले सस्पेंशन, असे बरेच करतात आणि विकताना सांगतात की गाडीवर दोन लाखांचे काम केले आहे. त्या कामाचे आम्ही एक पैसाही जास्त देणार नाही, उलट कापू. वाढवलेल्या ताकदीचा ताण क्लच आणि गिअरबॉक्सवर येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीहून वेगळा बदल करण्यास मनाई आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकी तेथेच बोट ठेवते. डॉक्टरांची गाडी कंपनीतून निघाली तशीच होती. ही तिची मोठी किंमत.

आता कापायचे किती? येथे आमचे बहुतेक बांधव चुकतात. गाडी पाहून, तोंड वाकडे करून 'पन्नास हजार कमी करा' म्हणतात. का कमी करा, ते त्यांनाही ठाऊक नसते. आम्ही सांगतो, प्रत्येक ऐबाला रुपयांत लिहा. येत्या वर्षभरात या गाडीला काय लागणार, ते गॅरेजवाल्याकडून भाव घेऊन मांडा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. या गाडीवर ०९१८ होते, म्हणजे २०१८ च्या नवव्या आठवड्यातले. गाडीबरोबर आलेले मूळ टायर. रेघा शिल्लक होत्या, पण रबर वाळले होते. टायरचा संच चांगल्या कंपनीचा घेतला तर ६८ हजार. गिअरबॉक्स दोन क्लचचा, तेलात चालणारा. त्याचे तेल आणि फिल्टर ६० हजार किलोमीटरला बदलावे लागतात आणि गाडी ५८ हजारांवर होती, म्हणजे खर्च दारातच उभा. १८ हजार. पुढच्या ब्रेकच्या डिस्कला कडेने धार चढली होती, ३८ हजार. या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा आणि थर्मोस्टॅटचा भाग प्लास्टिकचा असतो, वय झाले की गळतो. खाली टॉर्च मारल्यावर कूलंटचे वाळलेले गुलाबी डाग दिसले. ३६ हजार. एकूण १ लाख ६० हजार.

सव्वासतरा लाखांतून १ लाख ६० हजार वजा केले की १५ लाख ६५ हजार राहतात. आमच्या मते त्या गाडीचा त्या दिवसाचा वाजवी भाव हा. पाच-दहा हजार इकडे-तिकडे.

भाचा मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामू, आपण कुठे फसवतोय? त्यांनीच अकरा सांगितले. आपण तर घासाघीसही केली नाही. राजीखुशीचा सौदा आहे."

वाचकांतील पुष्कळांना हे म्हणणे पटेल. बाजारात रोज हेच चालते. आम्हीही तरुणपणी एका विधवेच्या बंद दुकानातला माल पडेल त्या भावाने उचलला होता आणि त्या नफ्याबद्दल मित्रांत फुशारकी मारली होती. तो हिशेब अजून आमच्या डोक्यावर आहे. म्हणून भाच्याला आम्ही गाडीत बसवून दोन गोष्टी सांगितल्या.

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात बाहेरगावचे काफिले माल घेऊन मदिन्याला येत. काही हुशार लोक शहराबाहेर जाऊन त्यांना गाठत, आणि त्यांना बाजारभाव कळण्याआधीच माल स्वस्तात घेत. पैगंबरांनी (स.) याला मनाई केली, आणि विकणारा बाजारात पोहोचून खरा भाव कळल्यावर सौदा मोडू शकतो, असा हक्क त्याला दिला. तेथेही राजीखुशीच होती, खोटेही कोणी बोलले नव्हते. एकाला भाव ठाऊक होता आणि दुसऱ्याला नव्हता, तेवढाच फरक होता. मास्तरसाहेब आपल्या घराच्या अंगणात उभे होते खरे, पण गाडीच्या बाबतीत ते अजून शहराबाहेरच होते.

दुसरी गोष्ट हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांची, आणि ती तर अगदी या विषयाचीच आहे. त्यांच्या माणसाने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवून आणला. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि मालकाला म्हणाले, याची किंमत जास्त आहे, चारशेला देतोस काय? मग पाचशे, असे शंभर-शंभरने चढवत त्यांनी स्वतःच आठशे दिले. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले की, प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतीन अशी बैअत मी पैगंबरांच्या (स.) हाती केली आहे. आजचा व्यापारी हे ऐकून हसेल. पण तेथेही मालकाला आपल्या मालाची परीक्षा नव्हती.

यापुढे आणखी एक बाब होती, ती शरीअतच्या हिशेबाची. गाडी मास्तरांची नव्हतीच. ती मरहूम डॉक्टरांच्या वारसांची होती. डॉक्टरांच्या मागे पत्नी, वडील आणि दोन लहान मुले, एक मुलगा आणि एक मुलगी. आई आधीच वारलेली. मुले असताना पत्नीचा हिस्सा आठवा, वडिलांचा सहावा, बाकीचे सारे मुलांचे, मुलाला मुलीच्या दुप्पट. म्हणजे चोवीस भाग केले तर पत्नीचे तीन, वडिलांचे चार आणि मुलांचे सतरा. भाच्याला कागदावर मांडून दाखवले : १५ लाख ६५ हजारांची गाडी अकराला घेतली तर ४ लाख ६५ हजार वाचतात, आणि त्यातले सुमारे ३ लाख २९ हजार हे त्या दोन यतीम मुलांचे आहेत. भाचा खिडकीबाहेर पाहत राहिला. आजोबा हे मुलांच्या मालमत्तेचे पालक, पण पालकाच्या अजाणपणाचा फायदा घेऊन यतीमाचा माल स्वस्तात नेणे कसे चालेल?

आम्ही परत गेलो आणि मास्तरसाहेबांना आमचा कागद दिला. तळाचा आकडा, बाजाराचा, कपात, सगळे. गाडीच्या मागचे दोन इंग्रजी अक्षरांचे चिन्ह दाखवून सांगितले की, या चिन्हामुळे ही साधी ऑक्टाव्हिया नाही. ते बराच वेळ चष्मा काढून-घालून कागद पाहत होते. आमचा भाव आम्ही १५ लाखांचा दिला, कारण विकत घेणाऱ्याने थोडे खालून सुरू करणे हा बाजाराचा रिवाज आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. वरचा कागद त्यांच्या हातातच होता. विचार करून कळवतो, असे ते म्हणाले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो, कारण याबाबतीत घाई करणारे पुढे वर्षानुवर्षे आरटीओच्या फेऱ्या मारतात. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर होते. त्यासाठी नमुना ३१, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. नुसत्या वडिलांच्या सहीवर गाडी घेणे म्हणजे भांडण विकत घेणे. हयात मालकाकडून घेताना नमुना २९ आणि ३०. कर्ज फिटले असले तरी बँकेचे नाव आरसीवरून उतरवण्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र. दुसऱ्या राज्यात न्यायची तर नमुना २८ ची ना-हरकत, आणि नव्या राज्यात कर भरावा लागतो. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला नोंदणीच्या वेळी दहा लाखांपर्यंत ११, वीसपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के कर आहे. दिल्लीची स्वस्त गाडी येथे आणल्यावर स्वस्त राहत नाही, ती याच कारणाने.

विकणाऱ्यानेही जपावे. गाडी गेली, पैसे मिळाले, नाव बदलायचे राहिले, असे आपल्यात फार होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, मग गाडी मधल्या काळात चार हातांतून का फिरलेली असेना.

पैशांबद्दल. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास २०१७ पासून बंदी आहे आणि दंड तितक्याच रकमेचा. म्हणून रक्कम बँकेतूनच द्यावी. बयाना थोडा, दहा-वीस हजारांचा, पावती घेऊन द्यावा. पावतीवर गाडीचा नंबर, किलोमीटर आणि सांगितलेले ऐब लिहून घ्यावेत. सौदा मोडला तर बयाना जप्त करणे हनफी फिकहप्रमाणे दुरुस्त नाही, हे विकणाऱ्या बांधवांनी लक्षात ठेवावे. व्याजाच्या कर्जावर शौकाची गाडी घेऊ नये, याविषयी येथे वेगळे लिहीत नाही. मात्र व्यवहारी गोष्ट म्हणून सांगतो की, जुन्या गाडीच्या कर्जाला नव्यापेक्षा व्याज जास्त लागते, आणि ते जोडल्यावर वर काढलेला वाजवी भाव वाजवी राहत नाही.

गाडी डीलरकडून घेतली तर तो खरेदी आणि विक्रीतील फरकावर १८ टक्के जीएसटी भरतो. हा दर जानेवारी २०२५ पासून सर्व जुन्या गाड्यांना एकच झाला. दोन खासगी माणसांतील सौद्यावर हा कर नाही. मात्र आमच्या व्यापारी वाचकांनी एक गोष्ट पाहावी. गाडी फर्मच्या नावावर असेल, तिच्यावर घसारा घेतलेला असेल आणि फर्म जीएसटीत नोंदलेली असेल, तर विक्रीच्या वेळी वहीतल्या शिल्लक किमतीवर जितके जास्त मिळाले त्यावर कर लागतो. वहीत सहा लाख आणि विकली आठला, तर दोन लाखांवर १८ टक्के, ३६ हजार. भाव ठरवताना हे आधी धरले नाही तर मार्चमध्ये चार्टर्ड अकाउंटंट आठवण करून देतो.

चार दिवसांनी मास्तरसाहेबांचा फोन आला. हैदराबादचा एक गृहस्थ सोळा लाख दहा हजार द्यायला तयार होता. ते म्हणाले, "तुम्ही भाव सांगितला नसता तर मला कळलेच नसते. आधी तुम्हाला विचारतो. सोळाला नेता काय?" भाच्याची सारी जमवाजमव पंधरा लाख वीस हजारांची. त्यापुढे कर्ज. तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. गाडी हैदराबादला गेली. नाव वारसांवर चढवणे आणि नमुना २८ मिळवणे यांत त्या गृहस्थाचे दोन महिने गेले, असे नंतर कळले.

भाचा काही दिवस आमच्याशी तुटक वागला. आता पुन्हा जाहिराती पाठवू लागला आहे. परवा जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर त्याने मोबाइलवर नाशिकची एक गाडी दाखवली, लाल रंगाची, नवीसारखी चमकणारी, मालक दुसरा. आम्ही विचारले, टायरवरचे चार आकडे काय आहेत? ते त्याने विचारले नव्हते. तिथेच उभे राहून त्याने मालकाला फोन लावला.